सोयाबीनच्या पट्टीत शिरलेलं ऑटो-इंडेंट

दिवाळीला बारा दिवस राहिले होते. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात सोयाबीन चाळायचं काम चालू होतं, आणि गोदामावरच्या काकांचा फोन आला. "सर, चाळणीखाली मातेरं पोत्यानं निघायलंय. आन् तुमच्या कॉम्प्युटरात मातीची घट कुठं दिसंना."

मी लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत लहानसं सॉफ्टवेअरचं काम करतो. कामाला आम्ही दोघंच: मी आणि दीड वर्षापूर्वी बीसीए करून आलेली एक सहकारी. या कंपनीला पट्टी काढायचा प्रोग्राम आम्हीच पायथॉनमध्ये लिहून दिला आहे. पुढचं प्रकरण त्या प्रोग्राममधल्या एका ओळीचं आहे. ती ओळ एक पायरी आत सरकली होती आणि तिला आत नेलं होतं एडिटरनं, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरनं. ओळ किती आत सुरू होते त्याला इंडेंट म्हणतात, आणि एडिटर ते स्वतःहून घालतो त्याला ऑटो-इंडेंट. ऑटो-इंडेंट चालू ठेवावं की बंद, हा प्रश्न बरेच जण सवयीचा म्हणून सोडून देतात. मीही इतकी वर्षं सोडून दिला होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पट्टी म्हणजे काय ते सांगतो. कास्तकाराचा माल काट्यावर येतो, नमुना काढतात आणि तीन गोष्टी पाहतात: हवा, माती, डागी. ओलाव्याला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हवाच म्हणतात. डागी म्हणजे डाग पडलेले दाणे. तेलाच्या प्लँटला माल लागतो तो १०-२-२ चा, म्हणजे हवा १० टक्के, माती २ आणि डागी २. त्याच्या वर जितके टक्के जातील तितके टक्के वजनातून कापायचे, असा या कंपनीचा नियम. वजनातून घट वजा केली की निव्वळ वजन, त्याला दरानं गुणायचं, हमाली-तोलाई काढायची आणि कागद कास्तकाराच्या हातात द्यायचा. पुढच्या वर्षीच्या बियाण्याचे पैसे त्याच कागदावर असतात.

हे नियम भर हंगामात बदलतात. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि सरकारी खरेदीतली १२ टक्के ओलाव्याची अट त्याच नोव्हेंबरात १५ टक्क्यांवर नेली गेली. म्हणजे खरेदी चालू, ट्रॅक्टर रांगेत, आणि त्याच आठवड्यात कोड बदलायचा. आमचा हा बदल सरकारी खरेदीतला नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या खरेदीत तोवर मातीची घट धरत नव्हते, सभासद माल चाळूनच आणायचे. या हंगामात प्लँटनं अट कडक केली म्हणून मातीची घट जोडायची होती. दोन ओळींचं काम. सहकारीनं ते दहा मिनिटांत केलं, दोन पट्ट्या काढून बघितल्या, बरोबर आल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी साठ्याचा मेळ बसेना. खरेदी वहीत जितकं निव्वळ वजन, त्याहून चाळून निघालेला माल कमी. फरक दिसला की पहिला संशय काट्यावर जातो आणि दुसरा हमालावर. काटा तपासला, बरोबर निघाला. मग गोदामातल्या दोन हमालांना संध्याकाळी घरी जाताना पिशव्या उघडून दाखवायला लावलं. चार दिवस. हे मला काकांच्या फोननंतर कळलं. आमच्या कोडमधल्या चुकीपायी कष्टाच्या माणसाला रोज संध्याकाळी दारात उभं राहून पिशवी उघडावी लागली, हे मनातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात गेलो. काकांनी वहीतल्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या. कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं होता, मी कागदावर मांडत होतो.

पहिली पट्टी: ३० क्विंटल, हवा साडेनऊ, माती ४, डागी १. हवा अटीच्या आत. माती दोन टक्के जास्त, म्हणजे ६० किलो घट हवी. पट्टीवर घट शून्य.

दुसरी पट्टी: २० क्विंटल, हवा १२, माती ४, डागी २. हवेचे ४० किलो, मातीचे ४० किलो, एकूण ८०. पट्टीवरही ८०.

काका थोडा वेळ दोन्ही कागदांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वाळल्या मालाला माती माफ केलीय का सर तुम्ही?"

लॅपटॉप अजून पिशवीतून काढलाही नव्हता. कोड न बघता काकांनी चूक अचूक सांगितली होती.

कोड उघडला. त्याचा सांगाडा मराठीत मांडतो, म्हणजे पायथॉन न येणाऱ्यालाही दिसेल:

    प्रत्येक मापासाठी:
        घट = ०
        जर हवा > १०:
            घट += वजन × (हवा − १०) ÷ १००
            जर माती > २:
                घट += वजन × (माती − २) ÷ १००
        जर डागी > २:
            घट += वजन × (डागी − २) ÷ १००
        निव्वळ += वजन − घट

हवं होतं ते असं:

    प्रत्येक मापासाठी:
        घट = ०
        जर हवा > १०:
            घट += वजन × (हवा − १०) ÷ १००
        जर माती > २:
            घट += वजन × (माती − २) ÷ १००
        जर डागी > २:
            घट += वजन × (डागी − २) ÷ १००
        निव्वळ += वजन − घट

शब्द तेच, आकडे तेच. फरक फक्त मातीच्या दोन ओळी किती आत आहेत त्यात. वरच्या रूपात मातीची तपासणी हवेच्या तपासणीच्या पोटात गेली आहे. माल ओला असेल तरच माती बघितली जाते. सहकारीनं तपासायला काढलेल्या दोन्ही पट्ट्या योगायोगानं ओल्या मालाच्या होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी होते तेव्हा बहुतेक माल ओलाच येतो. नंतर ऊन पडलं, वाळलेला माल यायला लागला आणि चूक सुरू झाली.

तक्रार एकाचीही आली नाही, कारण चूक कास्तकाराच्या फायद्याची होती. प्रोग्रामही बंद पडला नाही, कारण पायथॉनच्या दृष्टीनं दोन्ही रूपं तितकीच शुद्ध आहेत.

सहकारीला मी दोष दिला नाही. तिला म्हटलं, ती ओळ त्या दिवशी लिहिली तशीच परत माझ्यासमोर लिही. जुनी फाइल उघडून दिली. तिनं हवेच्या घटीच्या ओळीच्या शेवटी कर्सर नेला, एंटर दाबलं. कर्सर खालच्या ओळीवर आला तो थेट घटीच्या ओळीखाली, तितकाच आत. तिथून तिनं मातीची अट टाइप केली, कोलन दिला, एंटर दाबलं. कर्सर आणखी एक पायरी आत गेला. तिनं घटीचं सूत्र लिहिलं आणि फाइल सेव्ह केली. मग स्वतःच थांबली. "सर, मी बाहेर आलेच नाही."

सगळं प्रकरण या वाक्यात आहे.

पायथॉनमध्ये आत जायची खूण भाषेतच आहे: कोलन. ओळीच्या शेवटी कोलन आला की पुढची ओळ एक पायरी आत असायलाच हवी. एडिटर तिथं आत नेतो तेव्हा तो अंदाज करत नाही, व्याकरण पाळतो. बाहेर यायची खूण मात्र भाषेत नाही. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये बंद होणारा महिरपी कंस असतो. तो टाइप केला की एडिटरला कळतं, हा भाग संपला, चला मागे. पायथॉनमध्ये भाग संपल्याची खूण म्हणजे पुढची ओळ मागे असणं, आणि ती ओळ अजून लिहिलेलीच नसते. साध्या ओळीनंतर एंटर दाबलं तर एडिटरला एकच गोष्ट करता येते: वरच्या ओळीचं इंडेंट उतरवून काढायचं. हा शुद्ध अंदाज आहे. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो, म्हणूनच आपण त्याच्यावर विसंबतो.

त्या दिवशी तो अंदाज तिच्या नजरेला खटकला का नाही, त्याचीही कारणं सापडली. फाइल सहा वर्षांपूर्वीची, मीच टॅब वापरून लिहिलेली. सहकारी वेबचंही काम करते, म्हणून तिच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये टॅबची रुंदी २ ठेवलेली. प्रत्येक पायरी तिला फक्त दोन अक्षरं रुंद दिसायची. चौदा इंची लॅपटॉप, बारीक अक्षर, आणि फिकट थीममध्ये इंडेंटच्या उभ्या रेघा दिसतही नव्हत्या. तिनं सेटिंगमध्ये टॅबऐवजी स्पेस असंही लिहून ठेवलं होतं. पण व्हीएस कोडमध्ये इंडेंट ओळखण्याचं एक सेटिंग मुळातच चालू असतं. फाइल उघडताना ते आतला मजकूर बघतं आणि टॅब की स्पेस हे स्वतः ठरवतं. फाइलमध्ये टॅब होते, म्हणून एडिटरनं टॅबच धरले आणि तिचं सेटिंग बाजूला राहिलं. खालच्या पट्टीत उजवीकडं हे लिहून येतं, पण तिथं रोज कोण बघतं?

घाईत केलेली दुरुस्ती

चूक सापडल्यावर मी जे केलं तेही या अभ्यासाचा भाग आहे. सकाळचे अकरा, गोदामासमोर सहा ट्रॅक्टर. मी दुरुस्त केलेला तुकडा सहकारीकडून चॅटवर मागवला, सर्व्हरवर लॉगिन केलं आणि तिथल्या व्हिम या एडिटरमध्ये पेस्ट केला. सर्व्हरवरचं व्हिम जुनं, ७.४. त्यात ऑटोइंडेंट चालू. पेस्ट केलेला मजकूर त्या व्हिमला कुणीतरी भराभर टाइप करतंय असाच वाटतो. त्यामुळं प्रत्येक ओळीनंतर त्यानं वरच्या ओळीचं इंडेंट स्वतः घातलं, आणि तुकड्यातल्या ओळीचं मूळ इंडेंट त्यावर आणखी चढलं. बारा ओळींचा जिना तयार झाला, शेवटची ओळ पडद्याच्या मध्यापर्यंत गेली.

वर तिथं स्मार्टइंडेंटही चालू होतं. ते सी भाषेच्या धाटणीचं आहे. सी मध्ये हॅशनं सुरू होणारी ओळ प्रीप्रोसेसरची असते आणि ती डाव्या कडेला असावी असा संकेत, म्हणून नव्या ओळीत पहिलं अक्षर हॅश आलं की स्मार्टइंडेंट ती ओळ थेट पहिल्या रकान्यात नेतं. पायथॉनमध्ये हॅश म्हणजे टिप्पणी. आमच्या टिप्पण्या डाव्या कडेला जाऊन चिकटल्या. टिप्पणीच्या इंडेंटकडं पायथॉन बघत नाही, त्यामुळं त्यानं काही बिघडलं नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं की इथं वरचा भाग संपला.

जिना मी हातानं काढला आणि प्रोग्राम चालवला. टॅबएरर. चॅटमधून आलेल्या तुकड्यात स्पेस होत्या, बाकी फाइलमध्ये टॅब. पायथॉन २ टॅबला पुढच्या आठाच्या पटीपर्यंत मोजायचं आणि असा मिसळलेला कोड बऱ्याचदा गुपचूप चालवायचं. पायथॉन ३ ते मान्य करत नाही: टॅब किती रुंद धरायचा त्यावर कोडचा अर्थ बदलत असेल तर ते थांबतं. ट्रॅक्टर रांगेत असताना तो थांबा जिवावर आला, तरी माझं मत असं आहे की अशी ओरडून सांगणारी चूक शंभरदा परवडली. पंधरा दिवस गप्प बसलेल्या आमच्या चुकीसारखी चूक नको.

कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या गिटवरून जुनी आवृत्ती परत आणली. तासभर काकांनी मातीची घट हातानं काढून पट्टीवर लिहिली. दुपारी लातूरला परत येऊन शांतपणे बसलो.

बंद करून बघितलं

पहिला विचार सगळ्यांना येतो तोच आला: ऑटो-इंडेंट बंदच करून टाकू. व्हीएस कोडमध्ये ऑटोइंडेंटला पाच किमती आहेत. नन म्हणजे काहीच नाही, नवी ओळ पहिल्या रकान्यात. कीप म्हणजे वरच्या ओळीचं इंडेंट ठेवायचं. ब्रॅकेट्स म्हणजे त्यात कंसांची भर. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे त्याशिवाय एंटर दाबल्यावर लागू होणारे त्या-त्या भाषेचे खास नियम. आणि फुल म्हणजे या सगळ्यावर भाषेचे पूर्ण इंडेंट-नियम. मुळात फुल असतं. फुलमध्ये एडिटर टाइप करताना तर इंडेंट जुळवतोच, पण भाषा आणि आवृत्तीनुसार पेस्ट करताना आणि ओळ वर-खाली हलवतानाही जुळवायला जाऊ शकतो.

आम्ही नन लावून दोन दिवस काम केलं. सरावाच्या फाइलवर, गोदामाच्या नाही. चुका कमी होण्याऐवजी वाढल्या. प्रत्येक ओळीला टॅब मोजून दाबायचे म्हणजे डोकं मोजण्यातच जातं आणि हिशेबावरची नजर सुटते. चार पायऱ्या आत असलेल्या जागी तिनं तीनदा एक टॅब कमी दाबला, मी दोनदा. तिसऱ्या दिवशी ते काढून टाकलं.

मग कीप. इथं आमचं एकमत झालं नाही. तिला कीप आवडलं, कारण कोलननंतरही आत जायचं ते स्वतः टॅब दाबून जायचं. प्रत्येक पायरी हातानं, म्हणजे जाणीवपूर्वक. माझं म्हणणं असं की कोलननंतर आत जाणं नक्की आहे, तिथं एडिटरला काम करू द्यावं. आपली सगळी जाणीव बाहेर येण्याच्या जागी खर्च व्हायला हवी, कारण नेमकं तिथंच एडिटर आंधळा आहे. आणि मूळ चूक कीपनंही टळली नसती. ती चूक वरच्या ओळीचं इंडेंट उतरवल्यानं झाली, आणि कीप तर तेवढंच करतं.

शेवटी पायथॉनसाठी अ‍ॅडव्हान्स्ड ठरलं. कोलननंतरची उडी मिळते, पण पेस्ट केलेल्या आणि हलवलेल्या ओळींना एडिटर हात लावत नाही. पेस्ट झाल्यावर फॉरमॅट करण्याचं सेटिंगही बंद आहे ना ते बघितलं, ते मुळात बंदच असतं. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टला फुल तसंच ठेवलं, कारण तिथं कंस आणि बंद होणारे टॅग आहेत, एडिटरचा अंदाज पक्क्या खुणेवर उभा असतो. एकच सेटिंग सगळ्या भाषांना लावायची सवय ही यातली मुळातली गफलत होती. व्हीएस कोडमध्ये सेटिंगच्या फाइलीत भाषेचं नाव चौकोनी कंसात लिहून त्याखाली त्या भाषेपुरतं वेगळं ठेवता येतं. आम्ही ते कधी वापरलंच नव्हतं.

सर्व्हरवरच्या व्हिममधून स्मार्टइंडेंट काढलं आणि फाइलच्या प्रकारानुसार इंडेंट ठरवायची सोय चालू केली. ती चालू असली की व्हिम पायथॉनचे स्वतःचे नियम वापरतं, स्मार्टइंडेंटची गरजच राहत नाही. पेस्ट करायच्या आधी पेस्ट पर्याय चालू करायचा आणि झाल्यावर आठवणीनं बंद करायचा. हे आठवणीनं अशासाठी म्हणतो की पेस्ट चालू असताना ऑटोइंडेंटसोबत टॅबचे स्पेस करायची सोयही निघून जाते. विसरून तसंच टाइप करत राहिलं की फाइलमध्ये परत टॅब शिरतात आणि टॅबएरर परत दारात. व्हिमच्या ८ च्या पुढच्या आवृत्त्या बहुतेक टर्मिनलमध्ये पेस्ट आपोआप ओळखतात, तिथं हा त्रास राहत नाही. पण गावोगावच्या सर्व्हरवर जुनं व्हिम अजून भरपूर आहे.

आणखी एक सवय मोडली. व्हिममध्ये फाइलच्या सुरुवातीला जाऊन शेवटापर्यंत सगळं इंडेंट नव्यानं लावायची आज्ञा आहे, बोटांना ती पाठ झालेली असते. सी साठी ती वरदान आहे. पायथॉनवर मी आता चालवत नाही. ज्या भाषेत इंडेंट हाच अर्थ आहे तिथं एडिटर कशावरून नव्यानं लावणार? असलेल्या इंडेंटवरूनच. म्हणजे चूक असेल तर ती टिकते, आणि अंदाज फसला तर नवी भर पडते.

टॅबचे चार स्पेस करायचं काम स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत केलं. पायथॉनच्या पेप ८ या शैलीपत्रकात २००१ पासून चार स्पेसच सांगितल्या आहेत. इथं एक धोका होता. गिटचा डिफ दोन आवृत्त्यांतला फरक दाखवतो, आणि त्यात मोकळ्या जागेचा फरक दुर्लक्षित करायचा पर्याय असतो. तो लावला की टॅब-स्पेसचा सगळा गोंधळ नाहीसा होतो आणि डिफ रिकामा दिसतो, छान वाटतं. पण पायथॉनमध्ये एखादी ओळ एक पायरी आत सरकली असेल तर तीही त्याच पर्यायानं नाहीशी होते. म्हणून त्या रिकाम्या डिफवर विसंबलो नाही. पायथॉनमध्येच एएसटी नावाचं मोड्यूल आहे, ते कोडचा व्याकरणवृक्ष काढून देतं. बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइलचे दोन्ही वृक्ष मजकुरात उतरवून ताडले, एकसारखे निघाले. तेव्हा कुठं कमिट पुढं ढकललं.

बदल करताना मेकफाइलही (प्रोग्राम बांधायच्या मेक या साधनाच्या आज्ञांची फाइल) भरात स्पेसमध्ये बदलली गेली आणि मेक 'सेपरेटर नाही' म्हणून थांबलं. १९७६ ला बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं तेव्हापासून आज्ञेच्या ओळीची सुरुवात मुळात टॅबनंच लागते. ती फाइल परत टॅबवर आणली.

हे सगळं माझ्या किंवा तिच्या लॅपटॉपपुरतं राहू नये म्हणून प्रकल्पात एडिटरकॉन्फिगची फाइल ठेवली: पायथॉनला चार स्पेस, वेबच्या फाइलींना दोन, मेकफाइलला टॅब. व्हीएस कोडला त्यासाठी एक एक्स्टेन्शन लागतं, व्हिमवरूनच निघालेल्या निओव्हिमला ०.९ पासून लागत नाही. आणि मोकळ्या जागा ठिपक्यांनी दिसतील असं दोघांच्या पडद्यावर केलं. पहिले दोन दिवस ते डोळ्यांना टोचतं, मग सवय होते.

कोडच बदलला

इतकं करूनही मी तिला विचारलं, आता तीच ओळ परत लिहिलीस तर चूक होईल का? तिनं लिहून बघितली. एंटर दाबल्यावर कर्सर परत तिथंच, घटीच्या ओळीखाली. होणारच होता. कुठलंही सेटिंग तिला बाहेर आणणार नव्हतं.

मग तिनंच सुचवलं ते मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ती म्हणाली, "सर, तिन्ही घटी वेगळ्या फंक्शनमध्ये टाकू. प्रत्येकाच्या शेवटी रिटर्न येईल."

फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा स्वतंत्र तुकडा, आणि रिटर्न म्हणजे उत्तर देऊन त्यातून बाहेर पडायची ओळ. हवेची घट एक फंक्शन, मातीची एक, डागीची एक. प्रत्येक फंक्शन चार-पाच ओळींचं, आत एकच अट. मुख्य भागात तिघांची बेरीज एका ओळीत. यात दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे पोटात पोट राहिलंच नाही, त्यामुळं चुकून आत शिरायला जागा उरली नाही. दुसरी एडिटरची. रिटर्न ही बाहेर यायची खूण आहे. रिटर्नच्या पुढं त्याच पातळीवर काही लिहिण्यात अर्थ नसतो, आणि व्हिमच्या पायथॉन नियमांना हे माहीत आहे: रिटर्नच्या ओळीनंतर एंटर दाबलं की कर्सर एक पायरी मागे येतो. भाषेत जी खूण नव्हती ती आम्ही कोडच्या रचनेतून एडिटरला दिली.

तपासणीसाठी काकांना चार माप मागितले: वाळला-चाळलेला, ओला-चाळलेला, वाळला-मातीचा, ओला-मातीचा. त्यांनी वहीच्या एका पानावर चारही पट्ट्या हातानं काढून, खाली सही करून फोटो पाठवला. ते आकडे जसेच्या तसे तपासणीच्या फाइलीत घातले. आता नियम बदलला की आधी काका त्या चार पट्ट्या नव्यानं काढतात, मग आम्ही कोडला हात लावतो.

चुकीच्या पट्ट्या १७ निघाल्या. मिळून ९ क्विंटल ३५ किलो, त्या दिवसांतला ४,३०० चा दर धरला तर ४०,२०५ रुपये. कास्तकारांकडून ते परत मागायचे नाहीत असं कंपनीनं ठरवलं. आमच्या वर्षाच्या देखभालीच्या पैशातून ते वळते करून घ्या असं मी लिहून दिलं, त्यांनी निम्मे घेतले.

शनिवारी बाजाराच्या दिवशी मी आणि सहकारी गोदामात गेलो. व्यवस्थापक साहेबांनी सगळ्या हमालांना चाळणीपाशी बोलावलं आणि पिशव्या तपासणं बंद झाल्याचं सांगितलं. मी लॅपटॉप पोत्यावर ठेवून त्या दोघांना दोन्ही कोड दाखवले, आत सरकलेल्या ओळीवर बोट ठेवून. त्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, "येवढीच सरकली व्हय?" मी हो म्हटलं. त्यानं पडद्यावर त्या मोकळ्या जागेवर अंगठा टेकवून बघितला. तेवढीच होती, अंगठ्याच्या नखाएवढी.